खाशाबा जाधवांनी पदक मारलं त्या हॉलचं नाव काय? एका पैलवानाच्या निमित्ताने थोडं फिनिश शिकूया

परवा शहापूरचा एक मित्र मोबाईलमध्ये डोकं घालून काहीतरी पुटपुटत बसला होता. विचारलं तर म्हणे फिनिश शिकतोय. फिनलंडची भाषा. फिनिश म्हणजे संपलं, हा जोक आम्ही मारून घेतला, मग त्याचा धडा बघितला. धडा होता खेळाच्या हॉलवर. पोहण्याचा हॉल, बर्फाचा हॉल, कपडे बदलायची खोली, प्रेक्षक बसतात ती जागा वगैरे.

मित्राची तक्रार अशी की हे शब्द डोक्यात राहतच नाहीत. कसे राहणार? शहापूर काय, मुरबाड काय, आपल्याकडे खेळ म्हटलं की मोकळं रान. भात कापून झाला की रिकाम्या शेतात कबड्डीचं मैदान आखायचं. जत्रेत माती भुसभुशीत करून आखाडा करायचा, पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या आधी आणि मोठ्यांच्या नंतर. वर छप्पर, खाली लाकडी फरशी, चारी बाजूंनी भिंती, आत खेळ, हे आपल्या डोळ्यासमोर पटकन येत नाही.

मग डोक्यात आलं की हे सगळं सत्तर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाच्या वाट्याला आलं होतं. तोही मोकळ्या मातीतलाच. त्याला हेलसिंकीत अशाच एका बंदिस्त हॉलमध्ये जाऊन खेळायचं होतं, आणि तिथून तो स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेऊन आला.

खाशाबा दादासाहेब जाधव.

त्यांची गोष्ट डोक्यात ठेवली तर हे शब्द आपोआप बसतात. करून बघा.

पहिला शब्द, पाइनी. म्हणजे कुस्ती.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, कराडच्या शेजारी, जिल्हा सातारा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांमध्ये खाशाबा धाकटे. अशा घरात पोराला आखाड्यात न्यायचं की नाही हा प्रश्नच येत नाही. चालता यायला लागलं की पोरगं मातीत. वडिलांनी पाचव्या वर्षापासून त्यांना तयार करायला घेतलं असं सांगतात.

शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात. ते दिवस चले जावच्या चळवळीचे होते आणि सातारा जिल्हा पेटलेला होता. भूमिगत कार्यकर्त्यांना लपवणं, निरोप पोचवणं अशी कामं या पोरानेही केली. पुढे ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले.

कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. इथल्या तालमीत मातीच्या आखाड्याला हौदा म्हणतात. त्यात नुसती माती नसते. लाल माती चाळून त्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती तयार करतात. अंगाला लागली तरी खरचटत नाही, पाय रोवला की पकड मिळते. बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी हे त्यांचे वस्ताद. उंची बेताची, अंग काटक आणि चपळाई अशी की पुढे लोक त्यांना पॉकेट डायनॅमो म्हणायला लागले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्याची मान काखेत धरायची, त्याला दमवायचं आणि मग उचलून टाकायचं.

इथे जरा थांबून एक गंमत. फिनिशमध्ये पाइनी म्हणजे कुस्ती आणि पाइनो म्हणजे वजन. शेवटचा एक स्वर बदलला की अर्थ बदलला. कुस्तीत वजनाला किती महत्त्व आहे हे ज्याला माहिती आहे तो ही जोडी विसरणार नाही. वेटलिफ्टिंगला ते पाइनोन्नोस्तो म्हणतात. पाइनो म्हणजे वजन, नोस्तो म्हणजे उचलणं. सरळ हिशोब. आपण व्यायाम आणि शाळा जोडून व्यायामशाळा केली तशी ही भाषा शब्दाला शब्द चिकटवत जाते.

दुसरा शब्द, मात्तो. म्हणजे मॅट.

घरातल्या सतरंजी-गालिच्यालाही मात्तोच म्हणतात. कुस्तीची मॅट म्हणायचं असेल तर पाइनिमात्तो. हा शब्द त्यांनी शेजारच्या स्वीडिश भाषेतून घेतलाय, जसा आपण मॅट इंग्रजीतून घेतला.

खाशाबांची आणि मॅटची पहिली खरी गाठ पडली १९४८ साली, लंडन ऑलिम्पिकमध्ये. तोवर सगळी कुस्ती मातीवरची. लंडनला जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे कुस्त्या एम्प्रेस हॉल नावाच्या बंदिस्त हॉलमध्ये होत्या.

मातीतल्या पैलवानाला मॅट किती परकी असते हे बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. मातीत पायाची बोटं रुततात. मॅटवर ती रुतत नाहीत, पाय घसरतो. मातीत घामाने ओला झालेला हात जरा माती लावून कोरडा करता येतो, मॅटवर ती सोय नाही. त्यात मातीतला हिशोब एकच, पाठ लावली की चितपट, कुस्ती संपली. मॅटवर पाठ लागली नाही तरी पंच निकाल देतात. म्हणजे शेवटपर्यंत लढूनही हरता येतं. वयाच्या बाविसाव्या वर्षी, परदेशात जाऊन, ऑलिम्पिकमध्ये हे सगळं नव्याने शिकायचं होतं.

लंडनमध्ये रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना थोडंफार तयार केलं. फ्लायवेट गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीकडून ते हरले. शेवटी सहावा नंबर आला.

मॅटवर नवख्या असलेल्या गड्याचा जगात सहावा नंबर. घरी येऊन कुणीही हार घालून घेत फिरलं असतं. खाशाबांनी पुढची चार वर्षं मेहनत वाढवली आणि वरच्या वजनगटात, बँटमवेटमध्ये, उतरायचं ठरवलं.

आता मात्तोबद्दल एक इशारा. यातला त्त नीट ठासून म्हणा. तो सैल सोडून नुसतं मातो म्हणालात तर त्याचा अर्थ अळी. खाशाबा मॅटवर लढले म्हणायच्या जागी अळीवर लढले व्हायचं. मराठी माणसाला हे जड जाऊ नये. पता आणि पत्ता यातला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही.

पुढची गोष्ट तर अगदी घरची आहे. मॅटवर असं म्हणायचं असेल तर फिनिशमध्ये वेगळा शब्द लागत नाही, प्रत्यय चिकटतो आणि मूळ शब्दही जरा वाकतो. मात्तोचं होतं मातोल्ला. त्तचा त झाला, पुढे ल्ला लागला. इंग्रजीवाल्यांना हे फार विचित्र वाटतं. आपण मात्र आखाडाचं आखाड्यात करतो, मळाचं मळ्यात करतो. शाळेत याला सामान्यरूप म्हणून मार्क होते. फिनिश आणि मराठी या दोन भाषांचं नातं काही नाही, पण ही सवय जुळते आणि तिचा फायदा घ्यायला हरकत नाही.

तिसरा शब्द, हाल्ली. म्हणजे हॉल. पण हाल्लीपर्यंत पोचायला पैसे लागतात, आणि गोष्ट इथेच अडली.

१९५२ चं ऑलिम्पिक हेलसिंकीला ठरलं. आधी निवडीचा घोळ. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी देऊन डावललं असं खाशाबांचं म्हणणं होतं. त्यांनी गप्प बसण्याऐवजी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज कुस्तीचे शौकीन. त्यांनी पुन्हा लढत लावली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चितपट करून जागा मिळवली.

जागा मिळाली, तिकिटाचे पैसे कुठून आणायचे?

मुंबई राज्य सरकारकडे मदत मागितली तर स्पर्धा झाल्यावर बघू अशा अर्थाचं उत्तर आलं असं सांगतात. स्पर्धा झाल्यावर तिकीट काढून उपयोग काय, हे कुणी विचारलं का माहिती नाही. पुढे बऱ्याच खटपटीनंतर सरकारकडून ४ हजार रुपये मिळाले. गोळेश्वरच्या लोकांनी घरोघरी फिरून वर्गणी काढली. आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले.

एका प्राचार्याने विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकलं. आणि पदक येईल याची खात्री तेव्हा कुणालाच नव्हती.

तर हाल्ली.

हेलसिंकीच्या तोलो भागात एक मोठी इमारत आहे. १९३५ साली बांधलेली. मुळात ती खेळासाठी नव्हतीच, व्यापारी प्रदर्शनं भरवायला बांधली होती. म्हणून नाव मेस्सुहाल्ली. मेस्सु म्हणजे व्यापारी मेळा, हाल्ली म्हणजे हॉल. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रदर्शनाचा हॉल. ऑलिम्पिक आलं तेव्हा याच इमारतीत कुस्ती, वेटलिफ्टिंग, जिम्नॅस्टिक्स आणि बॉक्सिंग झालं.

या एका हाल्लीला धरून बाकीचे शब्द पाठ होतात. पोहण्याचा हॉल तो उइमाहाल्ली. बॉलच्या खेळांचा तो पाल्लोइलुहाल्ली. सगळ्या खेळांसाठीचा तो उर्हेइलुहाल्ली, उर्हेइलु म्हणजे क्रीडा. आइस हॉकीच्या बर्फाच्या हॉलचं नाव लिहायला अवघड आहे, साधारण यॅहाल्ली, त्यातला पहिला स्वर बॅटमधल्या ॲसारखा, फक्त लांबवायचा. मुरबाडच्या मे महिन्यात हा शब्द नुसता म्हटला तरी बरं वाटतं.

हाल्लीपेक्षा लहान जागा असेल तर साली. व्यायाम करायची जिम म्हणजे कुन्तोसाली, यातलं कुन्तो म्हणजे अंगाची तयारी, तब्येत. शाळेतला पीटीचा हॉल म्हणजे लीकुन्तासाली. आणि कुस्तीचा हॉल म्हणजे पाइनिसाली. आपल्या तालमीला सगळ्यात जवळचा शब्द मला हाच वाटतो. अर्थात तालमीत नुसती कुस्ती नसते, तिथे राहणं, खुराक, वस्तादाचा धाक, मारुतीचा फोटो हे सगळं येतं. ते काही पाइनिसालीत मावत नाही.

आणि हॉलमध्ये म्हणायचं असेल तर हाल्लिस्सा. हॉलमधून, हाल्लिस्ता. हॉलच्या आत जायचं तर हाल्लीन. घर, घरात, घरातून. तेच गणित.

जुलै १९५२. मेस्सुहाल्लिस्सा, म्हणजे मेस्सुहाल्लीमध्ये, फ्रीस्टाइल कुस्त्या सुरू झाल्या.

जत्रेतल्या कुस्तीला वर आभाळ असतं, हलगी वाजत असते, शड्डूचा आवाज लांब जातो. इथे वर छप्पर, दिव्यांचा उजेड, आवाज भिंतींवर आदळून परत येणारा. बसायला काट्सोमो. हा शब्द मला फार आवडला. काट्सोआ म्हणजे बघणं, आणि मो लावलं की ती क्रिया होते ती जागा. बघायची जागा, काट्सोमो. प्रेक्षक गॅलरी. खेळाडूंसाठी पुकुहुओने, पुकु म्हणजे पोशाख, हुओने म्हणजे खोली. लंगोटाऐवजी कुस्तीचा पोशाख चढवायचा तो इथेच.

पहिली कुस्ती कॅनडाच्या आद्रियन पोलिकॅंशी. चितपट. दुसरी मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोशी. तीही चितपट, आणि पहिलीपेक्षा लवकर. मग जर्मनीचा फर्डिनांड श्मित्झ. हा जड गेला. पाठ लागली नाही, निकाल तीन पंचांकडे गेला आणि दोन विरुद्ध एक असा खाशाबांच्या बाजूने लागला. चार वर्षांपूर्वी लंडनला जे नवीन होतं, गुणांवर कुस्ती काढणं, ते आता त्यांना जमत होतं.

पुढे जपानचा शोहाची इशिई आणि सोव्हिएत युनियनचा रशीद मामेदबेकोव्ह. इशिई मुळातला जुडोवाला. युद्धानंतर जपानमध्ये जुडोवर बंधनं आली तेव्हा तो कुस्तीकडे वळला होता. खाशाबा आणि इशिई यांची लढत लांबली, दोघेही दमले, आणि गुणांवर इशिई जिंकला.

यानंतरचा प्रसंग कराडपासून कोल्हापूरपर्यंत अजून हळहळून सांगितला जातो. इशिईशी झालेल्या थकवणाऱ्या लढतीनंतर खाशाबांना लगेच मामेदबेकोव्हशी लढायला मॅटवर बोलावलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला भारतीय पथकातला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा तसेच उतरले आणि हरले.

नियम तुमच्या बाजूने असूनही तो बोलून दाखवणारं कुणी शेजारी नसेल तर त्याचा उपयोग शून्य. परक्या देशातल्या हॉलमध्ये, जिथे पाट्या फिनिश आणि स्वीडिशमध्ये, तिथे एकटा पैलवान काय वाद घालणार? माझ्या मित्राचे ते रटाळ शब्द मला या जागी एकदम कामाचे वाटायला लागले.

इशिईला सोनं, मामेदबेकोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. फिनिशमध्ये कुल्ता, होपेआ, प्रोन्स्सी. तारीख २३ जुलै १९५२. हेलसिंकीत जपानला मिळालेलं ते एकमेव सुवर्णपदक. आणि आपल्याकडे यानंतर दुसरं वैयक्तिक पदक यायला थेट १९९६ उजाडलं, अटलांटात लिएंडर पेसच्या टेनिसमध्ये. मधली वर्षं मोजा. ४४ होतात.

जाता जाता आणखी एक नाव. त्याच हॉलमध्ये केशव मांगवे हा आपलाच दुसरा मराठी पैलवान फेदरवेट गटात पदकाच्या अगदी जवळ येऊन चुकला. त्याच्याबद्दल लिहायला घेतलं तर दुसरा लेख होईल.

खाशाबा परत आले तेव्हा कराड स्टेशनवर शंभराहून जास्त बैलगाड्या घेऊन लोक उभे होते. ढोल, लेझीम, गुलाल. स्टेशनपासून गोळेश्वर काही लांब नाही. पण त्या दिवशी मिरवणूक तासन् तास चालली.

मग त्यांनी काय केलं? सत्कार आटोपल्यावर कोल्हापूरला कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, जिंकले आणि जमलेल्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं. पदकाइतकीच ही गोष्ट मोठी आहे, किंबहुना मला जास्त मोठी वाटते. सरकारी बक्षीस किती आलं याची वाट न बघता आपलं देणं आपल्या अंगातल्या जोरावर फेडलं.

१९५५ साली ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. मेलबर्नच्या १९५६ च्या ऑलिम्पिकला जायचं होतं, गुडघा दुखावला आणि ते राहूनच गेलं. नंतरची नोकरी लांबलचक आणि फारशी दखल न घेतली गेलेली. पोलीस भरतीची तयारी करणारी कितीतरी पोरं आज शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवर पहाटे पळताना दिसतात. त्यांच्या खात्यात एक ऑलिम्पिक पदकविजेता होता आणि कित्येक वर्षं बढतीविना तो काम करत राहिला, हे त्यातल्या किती जणांना माहिती असेल? शेवटी असिस्टंट कमिशनर होऊन १९८३ साली ते निवृत्त झाले. त्यानंतर पेन्शनसाठीही झगडावं लागलं. त्याआधी १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत मशाल घेऊन धावण्याचा मान मात्र मिळाला होता.

१४ ऑगस्ट १९८४ ला कराडजवळ रस्त्यावरच्या अपघातात खाशाबा गेले. वय ५८.

अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर, २००० साली. पद्म पुरस्कार आजवर नाही. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीत इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या हॉलला त्यांचं नाव दिलं. २०२३ साली त्यांच्या जन्मदिनी गुगलने डूडल केलं, आणि १५ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून ठरला.

आणि गोळेश्वर? तिथे त्यांच्या नावाने कुस्तीचं संकुल उभारायचं आश्वासन सरकारने दिलं होतं. वर्षं गेली, संकुल उभं राहिलं नाही. २०१७ साली वैतागून कुटुंबाने जाहीर केलं की आम्ही खाशाबांचं पदक लिलावात काढतो आणि त्या पैशातून संकुल बांधतो. देशाचं पहिलं वैयक्तिक पदक, आणि ते विकून काय बांधायचं तर एक पाइनिसाली. तेव्हा बातम्या झाल्या, चॅनलवर चर्चा झाल्या.

हेलसिंकीतली ती इमारत अजून जागेवर आहे. प्रदर्शनं दुसरीकडे गेली आणि ती कायमची खेळासाठी दिली गेली, त्यामुळे नाव बदललं. आता तिला किसाहाल्ली म्हणतात. किसा म्हणजे स्पर्धा. सामान्य लोक तिथे रोज खेळायला येतात. तुमच्यापैकी कुणी शिकायला किंवा नोकरीला तिकडे गेलात तर ट्रामने तोलोत उतरा, ऑलिम्पिक स्टेडियमच्या बाजूलाच आहे. आत गेलात की हाल्लिस्सा. डावी-उजवीकडे कुठेतरी पुकुहुओनेची पाटी दिसेल. काट्सोमोत बसून एक फोटो काढा आणि आम्हाला टॅग करा.

माझ्या मित्राचे हे सगळे शब्द आता पाठ आहेत. यॅहाल्लीचा उच्चार मात्र त्याला अजून जमत नाही.